जाहिरातीतला गाल

माझे आजोबा जन्मभर लोकांच्या चेहऱ्यांना इस्त्री करत होते. हे मी म्हणत नाही, त्यांच्या स्टुडिओतली माणसं म्हणायची. जाहिरातीसाठी काढलेल्या फोटोवर ब्रशने आणि रंगाच्या बारीक फवाऱ्याने काम करून त्यातली खोट घालवायची, हा त्यांचा धंदा. डोळ्यांखालची वर्तुळं, कपाळावरच्या आठ्या, मोटारीच्या चकचकीत पत्र्यावर पडलेली खुद्द फोटोग्राफरची सावली, सगळं ते अशा रीतीने नाहीसं करायचे की तिथे काही होतं हे सांगूनही खरं वाटू नये. त्यावरून त्यांना इस्त्रीसाहेब हे नाव पडलं. आजोबांना ते आवडायचं. आजीला मात्र कुणी तसं म्हटलेलं खपत नसे आणि ती लगेच विषय बदलायची.

हल्ली हे काम फोनवर बोट फिरवून होतं आणि कुणीही उठून करतं. आमच्या ऑफिसात तर वाढदिवसाचा एक फोटो काढायचा म्हटलं तरी त्यातल्या निम्म्या बायका दहावीत असल्यासारख्या दिसायला लागतात. पण आजोबांच्या काळी त्याला दिवसच्या दिवस लागत. मोठ्या आकारात छापलेला काळा-पांढरा फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचा, पांढऱ्या आणि काळ्या रंगातून हव्या त्या करड्या छटा वाटीत कालवायच्या, आणि मग श्वास रोखून बसायचं. मागच्या खोलीत त्यांचं उतरतं टेबल अजून आहे. ब्रशांचे केस अजून ते आठवड्याला धुतात, वापरले नसले तरी.

मी त्यांच्याकडे राहते, कारण माझं ऑफिस तिथून जवळ आहे. मी त्या दोघांची काळजी घेते असं माझी आई सगळ्यांना सांगते. प्रत्यक्षात माझे कपडे आजी वाळत घालते आणि माझी छत्री आजोबा शोधून देतात, पण आईच्या समाधानात मी बिब्बा घालत नाही.

तर त्या घरात आजोबांचं एकही काम भिंतीवर नाही. एवढा नावाजलेला माणूस, पण भिंतीवर एक घड्याळ आणि एक कॅलेंडर. लहानपणी मला वाटायचं की विनय असेल. विनय कसला, आजोबांना आपल्या कामाबद्दल बोलायला बसवलं तर चहा निवून जातो. भिंती रिकाम्या होत्या त्या आजीमुळे, आणि आजीला ती कामं भिंतीवर नको झाली होती एका क्रीमच्या जाहिरातीमुळे.

आजी त्याच जाहिरात कंपनीत प्रुफं तपासायला होती. जिन्याच्या तोंडाशी काचेची छोटीशी केबिन, त्यात ती आणि तिची लाल पेन्सिल. छापून जाणारा प्रत्येक शब्द तिच्या नजरेखालून जायचा आणि चूक दिसली की ती माणूस बघत नसे, मोठा साहेब असो नाहीतर त्याचा साहेब. अजूनही तिला वर्तमानपत्रात चूक दिसली की ती फोन लावते आणि पलीकडच्या बिचाऱ्याची शिकवणी घेते. आजोबा त्या दिवसांत आपल्याशी संबंध नसलेली प्रुफं उगाच उचलून तिच्या केबिनपर्यंत पोचवायचे, आणि तिला ते केव्हाच कळलेलं होतं. लग्न झालं तेव्हा स्टुडिओतल्या कुणालाही आश्चर्य वाटलं नाही.

तिच्या डाव्या गालावर एक व्रण आहे. ओठाच्या कोपऱ्यापासून निघतो आणि गालावर तिरपा चढतो. लहानपणी कुंपणाच्या तारेवरून उडी मारताना पडली आणि गावातल्या डॉक्टरने पोतं शिवावं तसे टाके घातले, असं ती सांगते. सांगताना हसते आणि हसली की तो व्रण आधी हलतो, मग ओठ.

लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. एका क्रीमच्या जाहिरातीचा फोटो काढायचा होता. कॅमेरा लागलेला, दिवे लागलेले, क्रीमवाल्यांचा साहेब खुर्चीत येऊन बसलेला, आणि ठरलेल्या मॉडेलबाईंची दाढ सुजून गाल टम्म फुगलेला. दिवस वाया जाणार असं सगळ्यांनी धरलं होतं, तेवढ्यात आजी कसलीशी प्रुफं घेऊन दारातून आत आली. कला विभागाच्या प्रमुखाने तिच्याकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं आणि तिला स्टुलावर बसवलं. नाही म्हणेपर्यंत फोटो निघालेसुद्धा. फोटो सुरेख आला. क्रीमवाल्यांचा साहेब खूश झाला आणि गालाकडे बोट दाखवून म्हणाला, तेवढं काढून टाका. काढून टाकणारा माणूस स्टुडिओत एकच होता.

आजोबांनी तो व्रण असा घालवला की बाकीच्या कंपन्यांतले लोक भिंग घेऊन तो पुठ्ठा बघायला यायचे. त्या कामावर त्यांचं नाव झालं, बढती झाली, इस्त्रीसाहेब हे नावही तेव्हाच पडलं. जाहिरात गावभर लागली. बसथांब्यावर, दुकानांच्या काचांवर, स्टेशनाबाहेरच्या मोठ्या फलकावर, जिकडे तिकडे आजी, क्रीमच्या डबीकडे बघून मंद हसणारी.

आणि मग लोक आजीकडे बघायला लागले. आधी तिचा व्रण कुणाला दिसत नव्हता असं नाही, पण तो तिच्या चेहऱ्यात मुरलेला होता, नाक-डोळ्यांसारखाच. आता रस्त्यात कुणाला तरी तिला कुठेतरी पाहिल्यासारखं वाटायचं, मग ओळख पटायची, मग नजर गालावर यायची आणि तिथेच अडखळायची. तेवढं एक सोडलं तर, असं एक शेजारीण तिच्या तोंडावर म्हणाली. तोपर्यंत सोडण्यासारखं आपल्यात काही आहे हे आजीच्या गावीही नव्हतं.

तिने भांडण केलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं आजोबा म्हणतात. ती एकदाच बोलली. लोक बघतात ते बघू देत, पण पुसलंत तुम्ही, एवढंच म्हणाली. त्यानंतर त्या जाहिरातीकडे तिने कधी पाहिलं नाही. फलक आला की बसच्या दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघायची. आजोबांनी हौसेने एक छापील प्रत घरी आणली होती, ती गुंडाळी न सोडताच परत गेली. आमच्या घरात त्या जाहिरातीतल्या बाईला "ती" म्हणतात. आजोबांना उशीर झाला की आजी विचारायची, काय, तिच्याकडे होतात का? आम्ही पोरं हसायचो आणि आजोबाही हसायचे, पण जरा उशिराने.

या वर्षी कलाशाळेतल्या एक प्राध्यापक बाई घरी आल्या. हाताने केलेल्या जुन्या जाहिरातींचं प्रदर्शन भरवणार होत्या. बाई गोड होत्या, गळ्यात चष्मा, बोलताना आजोबांच्या हातांकडेच बघत होत्या. त्यांच्याबरोबर मोठ्या कागदात गुंडाळलेला एक पुठ्ठा होता. बंद पडलेल्या कंपनीच्या गोदामात त्यांना तो मिळाला होता. आजोबांनी कागद सोडला आणि पुठ्ठा उजेडाकडे धरला.

ती होती. छापील प्रत नव्हे, मूळ काम. कडेला थोडी बुरशी धरली होती, बाकी सगळं जसंच्या तसं. बाईंचं म्हणणं असं की बुरशी आजोबांनी आपल्या हाताने साफ करून द्यावी, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचं त्यांच्या जिवावर येत होतं. हा पुठ्ठा त्या पहिल्याच दालनात लावणार होत्या आणि शेजारी साखळीला एक भिंग. ब्रश कुठे फिरलाय ते शोधून दाखवा, असं पाहुण्यांना सांगणार होत्या. त्यांना स्वतःला ते आठवडाभर शोधून सापडलं नव्हतं.

आजी चहा घेऊन आली ती नेमकी तेव्हाच. बाईंनी वर पाहिलं, हसल्या, मग पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग पुन्हा आजीकडे. ती नजर गालावर आली आणि अडखळली. त्या भल्या होत्या, त्यांनी लगेच कपात तोंड घातलं. पण मी ते पाहिलं आणि इतकी वर्षं ज्याची आम्ही थट्टा केली ते काय होतं हे मला तेव्हा कळलं. माझा तर असा संताप झाला की मी साखर विचारायचं सोडून आत निघून गेले. आजी मात्र शांतपणे बाईंना बिस्किटं घ्या म्हणाली, पुठ्ठ्याकडे एकदाही न बघता कप गोळा केले आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जास्तच जोरात घासली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी विषय काढला. उद्घाटनाला ये म्हणाले. बरोबरचे बहुतेक गेले, आता माझं काम बघायला माझ्या काळचं असं कुणी उरलं नाही, तू एक आहेस. हे त्यांनी इतक्या हळू म्हटलं की मला माझा पाव चावायचीही चोरी झाली.

आजीने पेपर खाली ठेवला. "तिथे भिंतीवर मी नाही. दुसरीच कुणीतरी आहे," ती म्हणाली. "तुम्ही जा. तिला शोभेल असे कपडे घाला."

"अगं, फोटो तुझाच आहे."

"माझा असता तर मला ओळखू आला असता."

मी दोघांकडे बघत होते. एक गोष्ट मला स्वच्छ दिसली, की या माणसाला प्रदर्शन नको होतं, कौतुक नको होतं, भिंगबिंग काही नको होतं. तिने एकदा त्या चित्रासमोर उभं राहावं आणि मान फिरवू नये, एवढंच त्यांना हवं होतं. आणि दोघांची वयं बघता यापुढे अशी संधी येणार नव्हती, हे तिघांनाही माहीत होतं.

शनिवारी माझं ऑफिस अर्धा दिवस असतं. आजी शनिवारी दुपारी तिच्या एका मैत्रिणीकडे जाते, त्या मैत्रिणीला आता दिसत नाही म्हणून तिला पेपर वाचून दाखवायला. मी घरी आले तेव्हा मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आजोबा उतरत्या टेबलाशी बसले होते. समोर पुठ्ठा, शेजारी वाटीत पाणी आणि बशीत कापसाचे छोटे छोटे बोळे. मला वाटलं बुरशी साफ करतायत. जवळ जाऊन बघते तर कापूस गालावर होता.

मी त्यांचा हात धरला. खरंच धरला, मनगटाला. बुरशी कडेला आहे, तुम्ही भलतीकडे काय करताय, असं मी जवळजवळ ओरडलेच.

"सोड. रंग ओला झालाय, डाग पडेल," ते म्हणाले.

मी हात सोडला. मग त्यांनी मला समजावून सांगितलं, तेही शिकवायच्या सुरात, जसं काही मी उमेदवारीला लागले होते. हा फोटोचा कागद गुळगुळीत असतो, रंग त्याच्यात शिरत नाही, वर बसून राहतो. रंगात डिंक असतो. पाणी लागलं की डिंक सुटतो. घाई करायची नाही, घासायचं नाही, कापूस टेकवायचा आणि उचलायचा.

मी म्हटलं, पण हेच बघायला लोक येणार आहेत. याच्यासाठीच तर त्या बाई भिंग टांगणार आहेत. ही तुमच्या हातची सगळ्यात चांगली गोष्ट आहे.

"माहीत आहे मला," आजोबा म्हणाले. "यापेक्षा चांगलं मला पुन्हा कधी जमलं नाही." त्यांनी बोळा बशीत ठेवला आणि दुसरा घेतला. "तो माणूस म्हणाला, तेवढं काढून टाका. तुझी आजी तिथेच उभी होती. तुला काय वाटतं, मला वाईट वाटलं असेल? आनंद झाला गं मला. इतकं अवघड काम पहिल्यांदाच माझ्याकडे आलं होतं. छटा कशी कालवायची, कुठून सुरुवात करायची, तेच डोक्यात. तो माझ्या बायकोचा गाल आहे, हे माझ्या ध्यानातच नव्हतं."

मी शेजारी स्टूल ओढून बसले. त्यांच्या हाताला अलीकडे कंप सुटतो, चहाची बशी वाजते. त्या दुपारी हात हलला नाही. बोळा टेकत होता, उचलला जात होता आणि प्रत्येक बोळ्यावर थोडा करडा रंग येत होता. ज्याच्यासाठी त्यांनी तरुणपणी किती दिवस मान मोडून घातले होते ते सगळं बशीत जमा होत होतं. आणि खालून, अगदी हळू, एक रेघ वर येत होती. आधी गालाच्या वरच्या बाजूला, मग खाली, मग टाक्यांच्या आडव्या खुणा, मग ओठाचा कोपरा. ओठाचा कोपराही त्यांनी तेव्हा बदलला होता, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून. तो सुटला आणि त्या बाईचं हसू एका बाजूने वर गेलं. इतका वेळ समोर एक देखणी बाई होती. आता माझी आजी होती, माझ्याहून लहान वयाची, आणि कुणाची तरी चूक काढायच्या बेतात.

"मी काही काढलंच नव्हतं बघ," आजोबा म्हणाले. "नुसतं झाकलं होतं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. ते इतके खूश होते की मला आजी कधी येते असं झालं होतं.

आधी आला मामा. आजीला मैत्रिणीकडून आणायला जायचं होतं म्हणून डोकावला, तर ती आपली आपण येते असा तिचा फोन आला होता, म्हणून बसला. मामाला कुठल्याही गोष्टीतली खोट पहिल्यांदा दिसते, हा आजीकडून आलेला वारसा. तो मागच्या खोलीत आला, पुठ्ठ्यासमोर उभा राहिला, काय झालंय ते त्याच्या लक्षात आलं आणि त्याचेही डोळे भरून आले. मी त्याला तेवढं श्रेय देते. पण मग त्याने मान तिरकी केली.

"बाबा, पण हा उजव्या गालावर आहे," तो म्हणाला. "आईचा डाव्या गालावर आहे ना?"

मी पाहिलं. फोटोतल्या बाईच्या उजव्या गालावर व्रण होता. मी मामाला म्हटलं, तुझं काहीतरी चुकतंय, फोटो कसा चुकेल? त्याने खिशातून फोन काढून आजीचा एक फोटो समोर धरला. डाव्या गालावर. शंकाच नको. आजोबांनी आधी एका गालाला हात लावला, मग दुसऱ्याला, स्वतःच्याच, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला मामाचा फोन खिडकीबाहेर भिरकावून द्यावासा वाटला.

"निगेटिव्ह पालथी घातली होती," ते म्हणाले.

मग कळलं ते असं. जाहिरातीतला माणूस मालाकडे बघणारा पाहिजे, मालाकडे पाठ करून चालत नाही, हा त्यांच्या धंद्यातला साधा नियम. जाहिरातीच्या पानावर डबीची जागा आधीच ठरलेली होती. आजी फोटोत बघत होती दुसरीकडे. मग काय करायचं, तर निगेटिव्ह उलटी घालून फोटो छापायचा. डावं ते उजवं होतं, माणूस हव्या त्या बाजूला बघायला लागतो आणि कुणाला काही कळत नाही. डार्करूममध्ये हे रोज चालायचं, त्यात कुणालाही काही वाटत नसे. आजोबांच्या टेबलावर फोटो आला तो उलटाच आला होता. त्यांनी व्रण झाकला आणि खूणच उरली नाही म्हटल्यावर बाजू कुठली हा प्रश्नही उरला नाही. तो प्रश्न इतक्या वर्षांनी आज समोर आला होता.

मामाने संगणकावर उलटा करून घेऊ म्हणून सुचवलं. आजोबा नको म्हणाले. उलटा केला की ती डबीकडे पाठ करणार, आणि त्याला काही अर्थ नाही, संगणकावर तर आज काय वाटेल ते होतं, मग त्यांनी स्वतः कापूस कशाला फिरवला? पुन्हा रंग चढवून व्रण झाकण्याइतका हात आता राहिला नव्हता आणि तशी इच्छा तर त्याहून नव्हती.

"एवढं करून तिचा चेहरा मला सरळ देता आला नाही," ते म्हणाले. "गुंडाळ बाळ. तिच्या नजरेला पडायला नको. आयुष्यभर चुकाच शोधल्यात तिने, ही तर पहिल्या झटक्यात दिसेल. म्हणेल, गाल परत दिलात तोही दुसऱ्याच बाजूचा."

मी मामाकडे असं बघितलं की तो मुकाट्याने कागद शोधायला लागला. प्राध्यापक बाईंना काय सांगायचं हा आणखी एक घोर होता, पण त्या घटकेला मला त्यांची पर्वा नव्हती. आजोबा वाटीतलं गढूळ पाणी घेऊन उठले, आणि उठले ते तसेच उभे राहिले, कारण दारात आजी होती.

तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. कुणाला काही विचारलं नाही. पुठ्ठा टेबलावर उताराला टेकून उभा होता आणि खिडकीचा उजेड नेमका त्याच्यावर. मला वाटलं आता मान फिरवेल. तिने चष्मा लावला आणि जवळ गेली. प्रुफं तपासायची तशीच बघत होती, वरून खाली, एकही जागा न सोडता. केस, कपाळ, डोळे. गालाशी आली तेव्हा तिचं बोट आपोआप वर आलं आणि कागदापासून किंचित अंतर राखून त्या रेघेवरून खाली आलं, ओठापर्यंत.

मामाच्याने राहवेना. "आई, ते उलट्या बाजूला आलंय, पण त्याचं कारण असं आहे की..."

तिने हाताने त्याला थांबवलं. मग आजोबांना विचारलं, "तुम्ही पुसलंत?"

"हो," आजोबा म्हणाले. वाटी अजून त्यांच्या हातात होती. "पण चुकलंच. बाजू उलटी झाली. तेव्हाच झाली होती, माझ्या लक्षातच आलं नाही."

"काही चुकलेलं नाही," आजी म्हणाली. "बरोबर आहे."

आम्ही तिघंही तिच्याकडे बघायला लागलो. ज्या बाईने जन्मात कुणाची चूक पोटात घातली नाही, ती हे म्हणत होती. मामा हळूच म्हणाला, आई, तुझा व्रण डाव्या गालावर आहे.

"तो तुम्हाला समोरून," ती म्हणाली. "मला रोज आरशात असाच दिसतो. ह्याच बाजूला. केसांचा भांगसुद्धा इकडेच." ती अजून चित्राकडेच बघत होती आणि तिचा आवाज जरा ओला झाला होता. "बाकीचे फोटो दाखवता तुम्ही मला, लग्नातले, वाढदिवसातले, त्यात मी मला कधी पटतच नाही. कुणीतरी माझ्यासारखी बाई वाटते. मी ही अशी आहे. मला मी अशी माहीत आहे."

आजोबांच्या हातातली वाटी वाजायला लागली. मी ती काढून घेतली. मी सरळ रडत होते. मामा खिडकीबाहेर बघत होता.

"मग येशील?" आजोबांनी विचारलं.

"येईन की," आजी म्हणाली. तिने मी बसले होते ते स्टूल ओढलं, दुसरं पायाने त्याच्या शेजारी सरकवलं आणि त्यावर थोपटलं. "या. बसा इथे जरा. हा चेहरा आजवर मी एकटीनेच बघितलाय. तुम्ही आज पहिल्यांदा बघताय, तर नीट बघा."